खानदेशातली फुलबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून शोभेच्या झाडांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पुण्या-मुंबईच्या बागेसाठी दिलेला सल्ला आपल्याकडे बरेचदा फसतो. त्याला कारणं दोन: चुनखडीची भारी काळी माती आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. खालची उत्तरं या दोन्ही गोष्टी धरूनच दिली आहेत.

१. नर्सरीवाल्याने 'बारमाही' म्हणून दिलेलं झाड वर्षभर फुलेल ना?

बहुतेक वेळा नाही. बारमाही म्हणजे झाड वर्षानुवर्षं टिकेल एवढंच. वर्षभर थोडीफार फुलं देणारी म्हणजे तगर, कण्हेर, जास्वंद, सदाफुली, अबोली. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळा, पारिजातकाचा पावसाळ्याची अखेर, शेवंतीचा हिवाळा. फुटबॉल लिलीसारखी काही तर अर्धं वर्ष जमिनीखाली झोपून असतात (प्रश्न १७).

सदाफुली आणि अबोली दोन-तीन वर्षांत खालून उघड्या पडतात, काटकुळ्या होतात. ती मेली नाहीत, म्हातारी झाली आहेत. सदाफुलीची बियांपासून आणि अबोलीची फांद्यांपासून नवी रोपं करून ठेवा. पिटुनिया, झेंडू, डेलिया ही हिवाळ्याची पाहुणी. डेलियाचे कंद जपता येतात, पण आपल्या उन्हाळ्यात निम्मे सडतात किंवा सुकतात.

२. पहिल्यांदाच बाग करतोय. मरणारच नाहीत अशी झाडं सांगा.

न मरणारं झाड नसतं, पण हयगय सोसणारी बरीच आहेत. दिवसभर उन्हाच्या जागेला बोगनवेल, कण्हेर, टेकोमा, पांढरा चाफा, तगर, मोगरा, पिवळी किंवा जांभळी कोरांटी आणि निळा चित्रक. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पश्चिमेची भिंत. दुपारनंतर ती स्वतःच तापून झळा मारते. तिथे बोगनवेल आणि कण्हेर सोडून दुसरं काही लावायच्या फंदात पडू नका. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी पूर्वेकडची जागा असेल तर जास्वंद, गुलाब, अबोली, रातराणी. पूर्ण सावलीत फुलांची अपेक्षा सोडा आणि पानांची झाडं घ्या: स्नेक प्लांट, मनी प्लांट, ड्रॅसिना, सिंगोनियम.

सोनचाफा, इक्झोरा आणि गार्डेनिया यांचा मोह पहिल्या वर्षी आवरा. तिन्हींना आम्लधर्मी माती लागते आणि आपली माती नेमकी उलटी (प्रश्न ९).

३. झाडं लावायची कधी? मृग लागला की लगेच?

लगेच नको. पहिल्या एक-दोन पावसांत काळी माती वरून ओली आणि खालून तापलेली असते. जमीन हातभर खोल भिजू द्या. म्हणजे साधारण जुलैचा दुसरा पंधरवडा. त्याहून चांगला काळ पोळा ते दिवाळी हा आहे. जमिनीत ओल असते, ऊन उतरलेलं असतं आणि मुळांना उन्हाळ्याआधी पाच-सहा महिने मिळतात. गुलाब तर याच काळात लावावा.

झड लागलेली असताना खड्डे खणू नका. ओल्या काळ्या मातीवर पाय पडले की ती दाबली जाते आणि पुढे वर्षभर ढेकळं फुटत नाहीत.

अपवाद कंदांचा. निशिगंध आणि लिलीचे कंद आखाजी (अक्षय तृतीया) ते मृग या काळात लावले तर पावसाबरोबर कोंब वर येतात. उन्हाळ्यात कुणी झाड भेट दिलं तर ते पिशवीसकट सावलीत सांभाळा आणि पावसाळ्यात लावा. मे महिन्यात खड्ड्यात घालण्याची घाई नको.

४. नर्सरीत झाड निवडताना काय बघायचं?

फुलं बघू नका. फुलांनी लगडलेलं लहान झाड घरी आल्यावर सगळी फुलं टाकतं. बुंधा जाड आहे का, पानांच्या मागे पांढरं, चिकट किंवा जाळीदार काही आहे का, पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर पडली आहेत का, हे पाहा. मुळं जमिनीत घुसलेली असतील आणि माळ्याने ती तोडून झाड दिलं, तर आठवड्यात ते माना टाकतं. गुलाबात कलमाचा सांधा मातीच्या वर आणि घट्ट असायला हवा.

शेडनेटखालचं झाड आणून थेट उन्हात ठेवलं की पानांवर तपकिरी चट्टे पडतात. आठ-दहा दिवस सावली, मग चार दिवस सकाळचं ऊन, मग कायमची जागा.

५. काळ्या मातीत खड्डा किती मोठा आणि त्यात काय भरायचं?

झुडपासाठी दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. खणून झाल्यावर एक चाचणी करा. खड्डा पाण्याने काठोकाठ भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी २४ तासांनंतरही तळाशी उभं असेल, तर त्या जागी जमिनीच्या पातळीवर काही लावू नका. एक फूट उंचीचा आणि तीन फूट व्यासाचा मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा.

इथे एक चूक घरोघर दिसते. खणलेली काळी माती फेकून दिली जाते आणि खड्ड्यात कोकोपीट, वाळू, तांबडी माती, गांडूळखत असं हलकं मिश्रण भरलं जातं. पहिला उन्हाळा झाड झकास वाढतं. पावसाळ्यात मात्र आजूबाजूच्या चिकणमातीतून पाणी हळू जातं आणि हलक्या मिश्रणात भराभर येतं. खड्डा बादलीसारखा भरून राहतो आणि मुळं आत गुदमरतात. म्हणून खणलेलीच माती परत वापरा: तीन भाग ती माती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. ढेकळं फोडून एकजीव करा.

शेणखत कुजलेलं म्हणजे मुठीत दाबल्यावर भुरभुरणारं, शेणाचा वास नसलेलं. कच्च्या खताबरोबर हुमणी येते आणि ती मुळं कुरतडते. झाड लावताना पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच ठेवा. खोडाला माती चढवली की बुंधा सडतो.

६. काळ्या मातीत वाळू मिसळली तर ती भुसभुशीत होते ना?

घमेलं-दोन घमेली मिसळून होत नाही. उलट चिकणमाती आणि थोडी वाळू मिळून विटेसारखा कडक थर तयार होतो. फरक पडायला वाळू मातीच्या जवळपास निम्मी लागते आणि एवढी कुणी आणत नाही. तोच पैसा शेणखतात घाला. दरवर्षी पावसाळ्याआधी वाफ्यावर दोन इंच खताचा थर दिला की तिसऱ्या वर्षी मातीचा पोत बदललेला दिसतो.

७. नर्सरीतून आणलेलं झाड तांबड्या मातीच्या गोळ्यासकट लावलं. पाणी रोज देतो, तरी सुकतंय.

आपल्याकडे येणारी बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमच्या किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या नर्सरींमधून ट्रकने येतात. गोळा तांबड्या मातीचा किंवा कोकोपीटचा असतो. काळी माती सुकताना आकसते आणि गोळ्याभोवती फट पडते. वरून दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं, गोळा आतून कोरडाच राहतो. बोट घालून पाहा: बाजूला चिखल आणि बुंध्याशी धूळ असं सापडेल.

उपाय सोपा आहे. फट काळ्या मातीने बुजवा, गोळ्यात काडीने चार-पाच भोकं करा आणि बुंध्याजवळच बारीक धारेने पाणी सोडा. पुढच्या वेळी लावताना गोळ्याची बाहेरची अर्धा इंच माती हाताने मोकळी करा. गोल फिरलेली मुळं सोडवा किंवा ब्लेडने उभ्या तीन चिरा द्या.

८. कुंडीत काय भरायचं? शेतातली माती चालेल का?

नुसती काळी माती चालणार नाही. ती सुकली की कुंडीच्या कडा सोडते. दोन भाग नदीकाठचा पोयटा, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पोयटा मिळत नसेल तर एक भाग काळी माती आणि एक भाग जाडी वाळू घ्या. वाळूऐवजी मुरूम घ्यायचा तर आधी तपासा. त्यावर व्हिनेगर टाकल्यावर फसफसला तर त्यात चुनखडी आहे, नको. कोकोपीटची वीट भिजवून पाणी दोनदा निथळून टाका, क्षार निघून जातात.

गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हाळ्यात हात लावता येणार नाही इतक्या तापतात आणि कडेची मुळं भाजतात. मातीची किंवा पांढरी कुंडी बरी. नाहीतर लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळलेली पानं भरा.

९. पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. कोणतं खत टाकू?

आधी पिवळी पानं कोणती ते पाहा, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्राची कमतरता. शेणखत किंवा पेंड द्या, प्रश्न मिटला. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. इक्झोरा, सोनचाफा, गुलाब, मोगरा आणि जास्वंदात हे आपल्याकडे नेहमीचं. लोह मातीत असतं, पण चुनखडीच्या मातीत सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क याचं माप) ८ च्या आसपास असतो आणि लोह अशा रूपात अडकतं की मुळांना ते उचलता येत नाही.

म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसं साधत नाही, तेही काही दिवसांत अडकतं. तात्पुरता उपाय फवारणीचा. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) आणि मग ५ ग्रॅम हिराकस विरघळवा. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, दर आठ-दहा दिवसांनी असं तीनदा. द्रावण त्याच दिवशी वापरा. फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही.

टिकाऊ उपाय म्हणजे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह), पण पाकीट वाचून घ्या. 'ईडीटीए' लिहिलेलं लोह स्वस्त असतं, मात्र आपल्या सामूला ते टिकत नाही. 'ईडीडीएचए' लिहिलेलं महाग आणि लालसर रंगाचं असतं, चुनखडीत तेच काम करतं. मध्यम झुडपाला ५ ते १० ग्रॅम पाण्यात विरघळवून बुंध्याभोवती ओता आणि वरून माती ओढा.

एक अपवाद. हीच लक्षणं जुलै-ऑगस्टमध्ये झड लागल्यावर दिसली तर आधी साचलेलं पाणी काढा. मुळांना हवा नसली की लोह घेता येत नाही. पाणी ओसरलं की बरेचदा नवी पानं आपोआप हिरवी येतात.

१०. बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येतो. धोका आहे का?

थर म्हणजे क्षार. कुंडीवर दिसतो तेवढाच मातीतही साठतो, मग पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्या. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर या धुण्यासाठी ते वापरा. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या, नाहीतर क्षार परत वर चढतात. ठिबकच्या तोट्याही याच क्षारांनी बुजतात. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवल्या की मोकळ्या होतात.

११. उन्हाळ्यात पाणी किती आणि किती वेळा द्यायचं?

जमिनीतलं झाड आणि कुंडीतलं झाड यांचा हिशोब वेगळा आहे.

जमिनीत रुळलेल्या, वर्षाहून जुन्या झुडपाला मे महिन्यात आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर पाणी पुरतं. रोज तांब्याभर ओतून फक्त वरची दोन इंच माती भिजते, मुळं वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. पहिल्या वर्षाच्या झाडाला मात्र दिवसाआड ४-५ लिटर द्यावं लागतं. आळं बुंध्याला चिकटून नको. ते फांद्यांच्या घेराखाली येईल असं करा.

काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी खुरप्याने त्या बुजवा. भेगांतून दिलेलं पाणी सरळ खोल जातं, मुळांजवळची माती कोरडीच राहते. मग वर दोन-तीन इंच आच्छादन घाला. केळीची वाळलेली पानं रावेर-यावलकडे फुकटात मिळतात आणि त्यांच्याइतकं सोयीचं आच्छादन दुसरं नाही. उसाचं पाचट, वाळकं गवतही चालतं. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आच्छादनातून थेट सालीवर चढते.

१२ इंची कुंडीला रोज सकाळी तळातून निथळेपर्यंत पाणी. मे महिन्यात गच्चीवर संध्याकाळी पुन्हा.

वेळ सकाळी आठच्या आत. दुपारी पाणी देऊ नये याचं खरं कारण नळी आहे. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी कढत असतं आणि ते मुळांवर गेलं की झाड भाजतं. नळी कधीही वापरा, आधी हाताला पाणी गार लागेपर्यंत ते बाजूला सोडा.

दुपारी तीनला माना टाकलेलं जास्वंद पाहून घाबरू नका. तेच झाड सकाळी आठला ताठ असेल तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही मलूल असेल तर बोट घालून माती पाहा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं सडत आहेत आणि आणखी पाणी म्हणजे शेवट.

१२. हिरवी नेट सगळ्या बागेवर बांधू का?

मोगरा, बोगनवेल, कण्हेर, टेकोमा, चाफा आणि अडेनियमवर बांधलीत तर फुलं घालवून बसाल. गुलाब, जास्वंद, शेवंतीची मातृरोपं यांना ५० टक्क्यांची नेट, क्रोटन, अरेका पाम आणि इतर पानांच्या झाडांना ७५ टक्क्यांची. झाडाच्या शेंड्यापासून निदान दोन फूट वर बांधा आणि पश्चिमेची बाजू पडद्यासारखी खाली सोडा. होळीनंतर बांधा, मृगाचे ढग आले की काढा. पावसाळ्यात तशीच ठेवली तर झाडं लांबट आणि कमकुवत होतात.

१३. मोगरा हिरवागार आहे पण कळ्या नाहीत.

बहुतेक वेळा हिवाळ्यात त्याचे लाड झालेले असतात. डिसेंबरच्या मध्यापासून तीन आठवडे पाणी तोडा. पानं पिवळी पडून गळतील, गळू द्या. जानेवारीत सगळ्या फांद्या दीड फुटावर छाटा, आळं मोकळं करा, दोन-तीन किलो शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड घालून भरपूर पाणी द्या. होळीच्या सुमारास नव्या फुटीला कळ्या येतात. फुलं नव्या फुटीवरच येत असल्याने प्रत्येक बहरानंतर शेंडे दोन इंच खुडले की पुढचा बहर लवकर येतो.

हे सगळं करूनही कळी नसेल तर ऊन मोजा. सहा तासांपेक्षा कमी उन्हात मोगरा फक्त पानं काढतो.

१४. बोगनवेल गेटवर छपरासारखी पसरली, फुलं मात्र नाहीत.

पाणी आणि खत दोन्ही कमी करा. रोज पाणी मिळणाऱ्या लॉनच्या कडेची बोगनवेल अशीच माजते. पावसाळा संपल्यावर सरळ उंच गेलेले जाड, लांब काट्यांचे फुटवे बुडापासून काढा, बाकीच्या फांद्या एक तृतीयांश छाटा. पानं जराशी लोंबेपर्यंत पाणी देऊ नका, मग एकदा भरपूर द्या. युरिया अजिबात नको.

१५. गुलाब कधी आणि किती छाटायचा?

दसरा ते दिवाळी. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. चार ते सहा जोमदार फांद्या ठेवून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा, पेन्सिलपेक्षा बारीक सगळ्या काढून टाका. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कापावर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटणीपासून फुलं यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, त्यामुळे घरच्या कार्याची तारीख धरून मागे मोजता येतं.

टोकापासून काळी पडत खाली येणारी फांदी दिसली तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतून पांढरट-हिरवं लाकूड लागेपर्यंत कापा आणि कात्री स्पिरिटने पुसा. कलमाच्या सांध्याखालून जोरात निघालेला फुटवा रानगुलाबाचा असतो. तो कापला तर पुन्हा येतो. माती बाजूला करून मुळाशी धरून ओढून काढा.

मार्च-एप्रिलमध्ये छाटणी करू नका. पानांची सावली गेली की फांद्यांची साल उन्हाने भाजते.

१६. जास्वंदावर पांढरा कापूस चिकटलाय आणि मुंग्या फिरतायत. काय मारू?

हा पिठ्या ढेकूण, ज्याला शेतकरी मिलीबग म्हणतात. कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले आहेत, त्यामुळे कपाशीवरची ही कीड अंगणातल्या जास्वंदावर सहज येते. वेचणी संपल्यावर सरपणासाठी घराशेजारी रचलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि कुंपणालगतचं गाजरगवत ही तिची नेहमीची ठिकाणं. ती हलवल्याशिवाय कितीही फवारलं तरी कीड महिनाभरात परत येते.

झाडावर जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत घालून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. उरलेल्या भागावर जोरात पाण्याचा फवारा मारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली पातळ साबण घोटून फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पारा ३५ च्या वर असताना तेल फवारलं तर पानं करपतात, तेव्हा भर उन्हाळ्यात नुसतं साबणाचं पाणी आणि ब्रश वापरा. मुंग्या या किडीला राखतात, म्हणून मुंग्यांचं वारूळही शोधा.

कीड नसतानाही कळ्या गळत असतील तर पाण्यात अनियमितपणा आहे किंवा पारा ४० च्या वर गेला आहे. दुसऱ्या कारणावर इलाज नाही. पावसापर्यंत थांबा.

१७. लिली आणि निशिगंध गायब झाले. मेले का?

फुटबॉल लिलीची पानं दिवाळीनंतर वाळतात आणि मे-जूनमध्ये आधी लाल चेंडू वर येतो, मग पानं. गुलाबी पावसाळी लिली पाऊस झाला की चार-सहा दिवसांत फुलते. निशिगंध थंडीत मंदावतो. सातपुड्यात आपसूक उगवणारी कळलावीही अशीच: पावसाळ्यात वेल, हिवाळ्यात काही नाही. या काळात पाणी बंद ठेवा आणि जागेवर दगड किंवा काठी रोवून खूण करा. बहुतेक कंद रिकामी जागा समजून कुदळ चालवल्यामुळेच जातात. निशिगंधाचे गड्डे तीन वर्षांनी उकरून विरळ केले नाहीत तर दांडे बारीक होतात.

१८. चाफ्याची सगळी पानं गळून नुसते सांगाडे राहिले.

हिवाळ्यात हे व्हायचंच. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी जवळजवळ बंद ठेवा. धुळ्याकडे पारा ८ च्या खाली गेल्यावर ओल्या मातीतला चाफा आणि अडेनियम बुडातून सडतात. फांदी दाबून पाहा: टणक असेल तर जिवंत, पिचली तर गेली. पावसाळ्यात पानांमागे केशरी पावडर दिसून पानं गळाली तर तो तांबेरा रोग. पडलेली पानं गोळा करून जाळा.

१९. अंड्याची टरफलं, राख, चहाचा चोथा, हाडांचा चुरा: यातलं काय उपयोगी?

चहाचा चोथा साखर धुवून, वाळवून, थोडा थोडा घाला. बाकीच्यांची आपल्याकडे गरज नाही. टरफलं म्हणजे चुना, तो मातीत आधीच भरपूर आहे. चुलीची राख सामू आणखी वाढवते. हाडांचा चुरा आम्ल मातीत विरघळतो, चुनखडीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. इंटरनेटवरचे हे नुस्खे तांबड्या, आम्ल मातीच्या प्रदेशांतून येतात.

२०. शेजाऱ्यांच्या शेवंतीला फुलं आली, माझी तशीच हिरवी. दोन्ही रोपं एकाच गड्ड्यातली.

तुमची शेवंती रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या पोर्चच्या बल्बजवळ आहे का? शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. कुंडी असेल तर ऑक्टोबरआधी अंधाऱ्या बाजूला हलवा. दिव्याचा प्रश्न नसेल तर शेंडे उशिरापर्यंत खुडले असतील, खुडणी गणपतीच्या आसपास थांबवायची असते. फुलं संपल्यावर झाड अर्ध्या फुटावर कापा, बुडाचे फुटवे नेटखाली उन्हाळा काढतील (प्रश्न १२), जुलैत त्यांची छाट कलमं करा.

२१. शेळ्या-गुरं शिरतात. ती खात नाहीत असं कुंपण सांगा.

बोगनवेल शेळी खात नाही, हा गैरसमज आहे. कोवळी पानं ती आवडीने खाते, फक्त दाट काटेरी झाल्यावर आत शिरू शकत नाही. करवंदाचं कुंपण दोन-दोन फुटांवर दोन ओळींत लावलं तर तीन वर्षांत दाट होतं. घायपातही चालते.

कण्हेर जनावर सहसा खात नाही, पण ती अत्यंत विषारी आहे, वाळलेली पानंसुद्धा. छाटणीच्या फांद्या चाऱ्यात किंवा गोठ्याजवळ पडल्या आणि जनावराने खाल्ल्या तर ते दगावतं. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आणि कळलावीचा कंद माणसालाही प्राणघातक आहेत. लहान मुलं असलेल्या अंगणात ही तिन्ही नकोत. घरातल्या डिफेनबॅकियाचं पान चावलं तर तोंड सुजतं, ती कुंडी उंचावर ठेवा.

२२. उंच हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस लावू का?

नको. झाड झपाट्याने वाढतं यात शंका नाही, पण मुळं पाइपलाइन आणि भूमिगत केबलला त्रास देतात आणि परागकणांमुळे ॲलर्जीच्या तक्रारी आहेत. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आडोशासाठी कामिनी, टेकोमा किंवा तगर तीन फुटांवर लावा. एक वर्ष जास्त लागेल.

२३. लव्हेंडर आणि हायड्रेंजिया ऑनलाइन मागवले, दोन्ही गेले. कुठे चुकलं?

मागवण्यात. लव्हेंडरला थंड, कोरडी हवा लागते, ते आपल्या पावसाळ्यात कुजतं. हायड्रेंजिया महाबळेश्वरला छान होते, जळगावच्या मे महिन्यात नाही. निळ्या-जांभळ्या रंगासाठी निळा चित्रक, गोकर्ण किंवा रुएलिया लावा. रुएलियाच्या शेंगा फुटून बी उडतं आणि रोपं कुठेही उगवतात, तेवढं लक्ष ठेवा.

२४. दहा दिवस गावाला जायचंय, तेही उन्हाळ्यात.

कुंड्या एकमेकींना चिकटवून उत्तरेच्या सावलीत ठेवा, वर आच्छादन घाला. ठिबक असेल तर सेलवर चालणारा टायमर घ्या, विजेवरचा लोडशेडिंगमध्ये वेळ विसरतो. मोटारीशिवाय फक्त ड्रमच्या उंचीवर पाणी सोडायचं तर साधे ड्रिपर वापरा. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर एवढ्या कमी दाबावर चालतच नाहीत. जायच्या दोन दिवस आधी पूर्ण चालवून पाहा.

२५. गुलाब, जास्वंद आणि शेजारची भेंडी, सगळ्यांची नवी पानं एकाच आठवड्यात दोरीसारखी पिळवटली. हा कोणता व्हायरस?

व्हायरस सहसा इतक्या वेगवेगळ्या झाडांवर एकाच वेळी दिसत नाही. आधी आजूबाजूच्या शेतात किंवा बांधावर तणनाशक मारलं गेलं का ते विचारा. मका, ज्वारी, गव्हात वापरलं जाणारं टू-फोर-डी वाऱ्याबरोबर बरंच लांब जातं आणि कपाशीच्या कुळातली झाडं त्याला फार नाजूक असतात. खुणा अशा: पानं अरुंद, शिरा समांतर, देठ वळलेले आणि त्रास शेताच्या बाजूला जास्त. फुलकिडे असते तर पानांवर चंदेरी ओरखडे दिसले असते.

दुसरी शक्यता तुमच्याच पंपाची. तणनाशक मारलेला फवारणी पंप कितीही धुतला तरी नळीत आणि वॉशरमध्ये अंश राहतो. फुलझाडांसाठी वेगळा पंप ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा.

लागलेल्या झाडाला औषध नाही. पिळवटलेले शेंडे काढा, नेहमीचं पाणी द्या, महिनाभर खत देऊ नका. नवी फूट सरळ आली तर झाड वाचलं. दुसरी फूटही वाकडीच आली तर जास्वंद अजून एक हंगाम थांबून पाहण्यासारखं असतं, गुलाब मात्र काढून टाकलेला बरा.